सुईत दोरा ओवणारी बाई आणि सहा दिवसांचं ऑटोमॅटा वर्कशॉप : सविस्तर रिव्ह्यू

वर्कशॉप करून आले त्याला आता चार महिने झाले. तेव्हा लगेच लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण तिथून बाहेर पडताना सगळंच भारी वाटत असतं. वस्तू घरी येऊन रोज फिरवली जाऊन, दोनदा बिघडून, दोनदा दुरुस्त होऊन मग हातात काय उरतं ते बघायचं होतं. ते बघून झालंय, आता लिहिते. लांबेल थोडं, पण या विषयावर मराठीत फार काही वाचायला मिळत नाही म्हणून लांबू देते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच, की ऑटोमॅटा म्हणजे हॅन्डल फिरवलं की हलणाऱ्या यांत्रिक बाहुल्या. मी केल्या त्या प्रकारात मोटर नाही, बॅटरी नाही, काही नाही. खाली लाकडी खोका, खोक्यात आडवा दांडा, दांड्यावर वेड्यावाकड्या आकाराच्या चकत्या म्हणजे कॅम, कॅमवर टेकलेले दट्टे किंवा पट्ट्या म्हणजे फॉलोअर, आणि वर माणूस, पक्षी, मासा जे काय असेल ते. मराठीत याला काय म्हणावं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. कळसूत्री बाहुली म्हणावं तर ती दोऱ्यांनी वरून नाचवतात आणि ही खालून हलते. पण त्यातला 'कळ' हा शब्द मात्र इथे अगदी चपखल बसतो, कारण सहा दिवस आम्ही तेच शोधत होतो, की या हालचालीची कळ कुठाय.

वर्कशॉपच्या आधी मी एक तयार किट घेतलं होतं, लेझरने कापलेल्या प्लायचं, नाव लिहीत नाही. तीन तासात जोडून झालं, तुकडे एकमेकांत व्यवस्थित बसले, हॅन्डल फिरवलं की पक्ष्याचे पंख वरखाली व्हायचे. वर, खाली, वर, खाली. चार दिवस फिरवलं आणि मग कपाटावर गेलं. त्यात खटकत काय होतं ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं, कारण चुकलेलं असं काहीच नव्हतं. आता सांगता येतं. त्याच्यात नुसता क्रँक, म्हणजे कोपरासारखा वाकवलेला दांडा होता, आणि क्रँकची हालचाल सलग असते, वरच्या आणि खालच्या टोकाला ती मंद होते पण थांबत नाही. पक्षी कधी थांबतच नव्हता. जो थांबत नाही तो विचार करत नाही असं बघणाऱ्याला वाटतं, मग तो पक्षी न वाटता पंखा वाटतो.

या वर्कशॉपमध्ये शिकवतात ते नेमकं हेच, आणि माझ्या मते फीचे पैसे याच्यासाठीच द्यायचे. हलवायला कुठेही शिकाल, व्हिडिओ बघूनही जमेल. थांबवायला इथे शिकवतात.

आम्ही आठ जण होतो. शिकवायला सर, ते मेकॅनिझम बघतात, आणि एक ताई, त्या कोरीवकाम आणि रंग बघतात. पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावू दिला नाही. प्रत्येकाला जाड पुठ्ठा, कटर, कंपास, कोनमापक आणि एक तयार सांगाडा दिला, त्यात एक दांडा आणि एकच फॉलोअर, आणि फॉलोअरच्या डोक्यावर चार सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा. ठोकळ्याला डोळे नाहीत, तोंड नाही, रंग नाही. मग चिठ्ठ्या वाटल्या. एकाला 'लाजणं', एकाला 'दचकणं', एकाला 'चोरून बघणं', मला 'वाट बघणं'. काम एवढंच की पुठ्ठ्याचा एक कॅम कापायचा आणि ठोकळ्याकडून तेवढं करून घ्यायचं.

मी तीन उंचवट्यांचा कॅम कापला, म्हटलं सारखी डोकावून बघतेय असं दिसेल. सरांनी हॅन्डल हळू फिरवलं, परत फिरवलं, आणि म्हणाले, "छान फिरतंय. पण हिला थांबा कुठाय?"

थांबा. इंजिनियरिंगच्या पुस्तकात ज्याला ड्वेल म्हणतात त्याला ते थांबा म्हणतात, आणि तो शब्द मला आता कायमचा चिकटलाय. मग त्यांनी ग्राफ काढायला शिकवलं. आडव्या रेघेवर 0 ते 360 अंश, दर 30 अंशाला एक खूण म्हणजे बारा भाग, उभ्या रेघेवर फॉलोअर किती मिलिमीटर वर जाणार ते. रेघ चढतेय म्हणजे ठोकळा वर जातोय, उतरतेय म्हणजे खाली येतोय, आणि जिथे रेघ सपाट आहे तिथे थांबा. तोच ग्राफ मग गोल गुंडाळून कॅमवर घ्यायचा, म्हणजे तेवढ्या अंशांमध्ये मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर बदलायचंच नाही, कड अगदी शुद्ध वर्तुळाचा तुकडा ठेवायची. ऐकायला सोपं आहे. पण हाताने कापताना थांब्याची कडच सगळ्यात अवघड जाते, अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा राहिला की वर ठोकळा शहारतो.

माझा दुसरा कॅम असा होता : 90 अंशात हळूहळू वर, मग 120 अंश काहीच नाही, मग दोन मिलिमीटर खाली आणि लगेच परत वर, पुन्हा लांब थांबा, आणि शेवटी हळू खाली. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही असा नियम होता. फिरवलं तर चौघं जवळपास एकाच वेळी म्हणाले, कुणाची तरी वाट बघतोय. ते दोन मिलिमीटर खाली येणं आहे ना, ती निराशा होती. बिनचेहऱ्याच्या ठोकळ्याची. मला अजूनही तो क्षण आठवला की छातीत काहीतरी हलतं, खरंच.

रात्री जेवणानंतर प्रोजेक्टरवर जुनी ऑटोमॅटा दाखवायचे. मला वाटलं इतिहासाचा तास असेल, पण प्रत्येक व्हिडिओत ते तीच गोष्ट शोधायला लावायचे. स्वित्झर्लंडमध्ये नशातेलच्या म्युझियममध्ये पिएर जाके-द्रो, त्याचा मुलगा आणि त्यांचा सहकारी लेशो यांनी 1768 ते 1774 या काळात केलेल्या तीन बाहुल्या आहेत, त्यातला लिहिणारा मुलगा सगळ्यात प्रसिद्ध, जवळपास 6000 भाग, आणि त्याच्याकडून 40 अक्षरांपर्यंतचा कुठलाही मजकूर लिहून घेता येतो कारण मागे पाठीत चकत्यांची अख्खी उतरंड आहे. आम्ही सगळे आकडे ऐकून गार. सर म्हणाले आकडे सोडा, तो पिसाची लेखणी शाईत बुडवल्यावर काय करतो बघा. तो हात झटकतो. शाईचा थेंब पडू नये म्हणून झटकतो, मग लिहितो, आणि डोळे लेखणीच्या मागे जातात. चित्र काढणारा दुसरा मुलगा मध्येच थांबून कागदावरची पेन्सिलीची भुकटी फुंकतो. वाद्य वाजवणारी बाई श्वास घेते. लिहिण्यासाठी, चित्रासाठी, वाजवण्यासाठी यातल्या एकाही गोष्टीची मशीनला तितकी गरज नाही आणि तरी त्यासाठी त्या लोकांनी अडीचशे वर्षांपूर्वी वेगळे कॅम कापले.

जपानच्या काराकुरी बाहुल्यांमध्ये चहा आणून देणारी बाहुली आहे, तिच्या हातातल्या ताटलीत कप ठेवला की ती चालायला लागते आणि पाहुण्याने कप उचलला की थांबते. कप परत ठेवला की वळून निघून जाते. 1796 साली होसोकावा हान्झो याने तिची आतली रचना आकृत्यांसकट छापून ठेवली म्हणून ती आजही कुणालाही करता येते. तिच्यात व्हेलच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची स्प्रिंग वापरायचे. तिथे थांबाच तर सगळं नाटक आहे, ती थांबते तेव्हा ती तुमच्यासाठी थांबलीय असं वाटतं. टिपू सुलतानाचा वाघही दाखवला, आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो माहीत असेल, 1799 ला श्रीरंगपट्टणहून नेलेला आणि आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असलेला, हॅन्डल फिरवलं की खाली पडलेल्या माणसाचा हात वरखाली होतो आणि आतल्या भात्यातून कण्हणं आणि गुरगुरणं येतं. तो बघताना मला पहिल्यांदा कळलं की आवाजालाही थांबा लागतो.

आता माझ्या बाहुलीकडे येते. माझी आजी सुईत दोरा ओवायची ते मला फार जवळून आठवतं, दोऱ्याचं टोक ओठात ओलं करायचं, सुई उजेडाकडे धरायची, डोकं किंचित मागे, हात पुढे, आणि जमलं नाही की एक खांदा पडायचा. तेच करायचं ठरवलं. सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकच प्रश्न विचारला, "दोरा ओवला जातो की नाही?" मी म्हटलं तिसऱ्यांदा जातो. ते म्हणाले मग पहिल्या दोन थांब्यांत आणि तिसऱ्या थांब्यात फरक काय, ते आधी ठरव, बाकी सगळं त्यावरून येईल.

शेवटी हाताच्या कॅमचा हिशोब असा बसला, देते इथे कारण कुणालातरी उपयोग होईल. पहिला प्रयत्न : 40 अंश हात जवळ, 15 अंश थांबा, 35 अंश मागे. दुसरा प्रयत्न तसाच. म्हणजे 180 झाले. मग 40 अंश ती नुसती बसून राहते, हात मांडीवर, काहीच हलत नाही. मग तिसरा : 60 अंश अगदी सावकाश जवळ, 50 अंश थांबा, आणि 30 अंशात परत. बेरीज 360. मधले ते 40 अंश रिकामे ठेवायला माझं मन तयार नव्हतं, वाटत होतं बघणाऱ्याला बंद पडलं असं वाटेल. आता घरी जो कोणी फिरवतो तो बरोबर तिथेच पुढे झुकतो.

दुसरा कॅम डोक्याचा. डोकं हाताच्या जरा आधी हलतं, दहा अंश आधी, कारण माणूस आधी बघतो मग हात नेतो. हे ताईंनी सांगितलं, आणि एवढ्या एका बदलाने बाहुली जिवंत झाली असं म्हटलं तरी चालेल. तिसरा कॅम खांद्याचा, तो गोगलगाईचा, म्हणजे हळू चढत जाणारा आणि एकदम कडा तुटल्यासारखा पडणारा, त्याच्यावर दोन पायऱ्या. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर खांदा टप्पकन पडतो. तिसऱ्यांदा पडत नाही.

आता जिथे मी अडले ते. हाताचा पहिला लाकडी कॅम मी 20 मिलिमीटर मूळ त्रिज्येवर (म्हणजे मध्यापासून कडेचं सगळ्यात कमी अंतर) 12 मिलिमीटर उचल देऊन कापला होता, आणि वर सरळ उभा दट्टा. पुठ्ठ्यात चालत होता, लाकडात अडकला. हॅन्डल जोर लावून फिरवावं लागायचं आणि दट्टा वर न जाता बाजूला झुकायचा, ड्रॉवर एका कोपऱ्यातून ओढला की कसा तिरका होऊन अडकतो अगदी तसा. कारण असं की 40 अंशांत 12 मिलिमीटर म्हणजे चढ फार उभा झाला, कॅम दट्ट्याला वर ढकलण्यापेक्षा आडवं जास्त ढकलत होता. या तिरकेपणाला प्रेशर अँगल म्हणतात आणि तो साधारण 30 अंशांच्या आत ठेवावा असा ठोकताळा आहे, माझा मोजला तर पंचेचाळीसच्या आसपास निघाला. उपाय दोन : कॅम मोठा करा किंवा उचल कमी करा. मी दोन्ही केलं, मूळ त्रिज्या 35 आणि उचल फक्त 8. मग चढ एकदम सौम्य झाला, हॅन्डल एका बोटाने फिरायला लागलं.

पण 8 मिलिमीटरने हात काय हलणार, मला तर हाताशी 36 हवे होते. म्हणून मध्ये तरफ घातली, साडेचारपट करणारी. आणि इथे पुढचा धडा मिळाला, की तरफ हालचालीबरोबर ढिलाईसुद्धा साडेचारपट करते. बिजागरीच्या पिनेत अर्धा मिलिमीटर मोकळीक होती, ती हाताशी सव्वादोन मिलिमीटर झाली, आणि सुईच्या भोकासमोर बाईचा हात थरथरायला लागला. आमच्यातल्या एकाने सुचवलं की राहू दे, म्हाताऱ्या बाईचा हात थरथरतोच. मला मोह झाला. सरांनी मात्र ठाम नको म्हटलं. थरथर हवी असेल तर कॅमवर थरथर कापून आण, ढिलाईतून आलेली थरथर रोज वाढत जाते, ती तुझ्या हातात नसते. मग पिनेचं भोक भरून परत पाडलं, त्यात पितळी नळीचा तुकडा बसवला, त्याच्यात तीन मिलिमीटरची स्टीलची पिन, आणि हात थांबला. पूर्ण थांबला. ते 50 अंश चालू असताना दोऱ्याची तार सुईसमोर जराही हलत नाही, आणि त्यावेळी खोलीतले लोक श्वास धरतात हे मी आता अनेकदा बघितलंय.

घर्षणाबद्दल त्यांची पद्धत फार आवडली. सगळं जोडून मग कुठे घासतंय ते शोधायचं नाही. आधी नुसता दांडा, एका बोटाने फिरतोय का बघ. मग एक कॅम. परत एक बोट. मग त्याचा फॉलोअर. परत एक बोट. जिथे बोटाला जड लागेल तिथे पुढे जायचं नाही. लाकडावर तेल अजिबात नाही, ते लाकडात मुरतं, वर धूळ चिकटून घट्टा होतो, त्यापेक्षा मेणबत्तीचं मेण घासा किंवा पेन्सिलीच्या शिशाची पूड. कॅमसाठी बर्च प्लाय, कारण अखंड लाकडाच्या चकतीला दोन बाजूंना रेषा आडव्या येतात आणि दोन बाजूंना टोकाच्या, त्यामुळे फॉलोअर एकाच फेरीत कुठे सरकतो कुठे खरखरतो. प्लायच्या कडेला पातळ गोंद चोळून वाळवून मग पॉलिश पेपर मारला की ती काचेसारखी होते. हे शेवटचं मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं.

आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं, पुठ्ठ्याचे नमुने फेकायचे नाहीत, त्यावर अंश लिहून ठेवायचे. याच्यासाठी त्यांनी सांगितलेली गोष्ट : 1928 साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला एका कुटुंबाने आगीत खराब झालेली एक चित्र काढणारी बाहुली दिली. ती कुणी केली याबद्दल चुकीची समजूत होती. दुरुस्त करून चालू केली तर तिने चित्रं काढली, कविता लिहिल्या, आणि एका कवितेच्या खाली फ्रेंचमध्ये लिहिलं की हे मायारदेच्या ऑटोमॅटनने लिहिलंय. कर्त्याचं नाव पितळेच्या कॅमवर कापलेलं होतं, ते तेवढं टिकलं. मी माझ्या कॅमच्या मागे आजीचं नाव कोरलंय.

कोरीवकामाला दीड दिवस मिळाला. लिंडेनचं मऊ लाकूड, रेषा बारीक, चाकू कुठेही अडत नाही. ताई चेहऱ्यावर फार काम करू देत नाहीत, म्हणतात चेहरा जितका कमी सांगेल तितकं हालचालीला बोलायला जागा. माझ्या बाईला नाक आणि कपाळ आहे, डोळे म्हणजे नुसत्या दोन खाचा. डोक्याची पिन मानेत बरोबर मध्ये न घालता थोडी मागे घालायची, म्हणजे डोकं आपल्या वजनानेच पुढे येतं आणि कॅमने फक्त मागे ओढायचं काम उरतं, स्प्रिंग लागत नाही. माझं डोकं हलकं झालं होतं म्हणून हनुवटीखाली भोक पाडून शिशाचा छोटा गोळा बसवला.

आता ज्या गोष्टी खटकल्या. आठ जणांना एकच उभी ड्रिल मशीन आहे, चौथ्या दिवशी सगळ्यांनाच भोकं पाडायची असतात आणि तेव्हा अर्धा दिवस रांगेत जातो. दोन मशीन हव्यातच. हातातली ड्रिल आहेत, पण दांड्याची भोकं समोरासमोर एका रेषेत यायला उभीच लागते. पॉलिश पेपर मारायच्या खोलीत धूळ ओढणारा पंखा कमी पडतो, मास्क देतात पण चांगला स्वतःचा न्या. फ्रेटसॉच्या, म्हणजे नक्षी कापायच्या बारीक करवतीच्या पात्या बोथट होईपर्यंत वापरायला लावतात, नवीन मागितल्यावर देतात, तर मागा, संकोच करू नका. छापील नोट्स फार तोकड्या आहेत, प्रेशर अँगलवर दोन ओळी, बुशवर, म्हणजे दांडा किंवा पिन फिरते त्या भोकात बसवायच्या नळीवर एक ओळ, ज्या गोष्टी तोंडी इतक्या सुंदर सांगतात त्या कागदावर नाहीत, म्हणून मी रोज रात्री स्वतः लिहून काढलं. आणि रंगाला फक्त अर्धा दिवस, तो अगदीच कमी आहे, सहाव्या दिवशी दुपारी सगळे ओल्या रंगाच्या बाहुल्या घेऊन घाईत पॅक करत होते. कोरीवकाम आणि रंग धरून आणखी एक पूर्ण दिवस वाढवला तर फी थोडी वाढली तरी लोक देतील असं मला वाटतं. साहित्य सगळं फीमध्येच आहे, वेगळे पैसे कुठे मागितले नाहीत.

याच घाईची किंमत मला नंतर मोजावी लागली. तिसऱ्या महिन्यात हवा दमट झाली आणि एका सकाळी हॅन्डल फिरेचना. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे बाजूच्या फळीतली गोल भोकं अंडाकृती झाली आणि बीचचा दांडाही जाड झाला. फळीत पितळी बुश घालायचे राहून गेले होते, सर चौथ्या दिवशी म्हणाले होते पण ड्रिलच्या रांगेत ते मागे पडलं. फोन केला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळं उघडायला लावलं, कुठे घासतंय ते त्याच एका बोटाच्या पद्धतीने शोधायला लावलं, आणि मग दांड्याच्या दोन्ही टोकांवर पितळी नळीचे तुकडे चढवायला आणि फळीत त्याहून किंचित मोठी नळी बसवायला सांगितलं, म्हणजे पितळ पितळात फिरतं आणि लाकडाने काय करायचं ते करावं. पाऊण तास बोलले, पैसे घेतले नाहीत, आणि आठवड्याने स्वतःहून चौकशी केली. ही सर्व्हिस फार कमी ठिकाणी मिळते. तेव्हापासून एकदाही अडलं नाहीये.

कुणी जावं? ज्याला आधी सुतारकाम येतं त्यानेच जावं असं अजिबात नाही, आमच्यात दोघांनी कधी करवत धरलेली नव्हती आणि त्यातल्या एकीचं झोपेतून उठू न बघणारं मांजर आमच्या सगळ्यांत सरस होतं, तिच्या कॅमवर थांबे सगळ्यात लांब होते. ज्याला तीन तासात काहीतरी हलणारं घरी न्यायचंय त्याने किट घ्यावं, ते वाईट नाही. मुलांना घेऊन जायचं असेल तर बारा-तेराच्या पुढचीच न्या, पात्या धारदार असतात आणि पहिला दीड दिवस बसून आकडे मोजायचे असतात. आणि जाताना मनात हालचाल घेऊन जा, वस्तू नाही. 'हत्ती करायचाय' म्हणून आलेला माणूस दोन दिवस अडकून पडला होता, 'कोणीतरी दार उघडावं की नको असं करतंय' म्हणून आलेल्याचा ग्राफ पहिल्याच तासात तयार झाला.

एक गोष्ट मात्र आधीच करून घ्या, मी केली नव्हती. पाहुणे हॅन्डल उलटं फिरवतात. कितीही सांगा, बाण काढा, दर तिसरा माणूस उलटंच फिरवतो. साधा कॅम उलटा चालतो, हात आणि डोक्याला काही होत नाही, पण गोगलगाईच्या कॅमची पायरी उलटी आली की फॉलोअर तिच्या उभ्या भिंतीवर आदळतो. माझ्या खांद्याचा फॉलोअर असाच दुसऱ्या महिन्यात मोडला होता. आता दांड्यावर दातेरी चकती आणि त्यावर पडणारी छोटी खिट्टी बसवलीय, एकाच दिशेने फिरते, उलटं जाऊ देत नाही. फिरवताना तिचा टिकटिक आवाज येतो, आणि मोजून बघितलं, बाईचा हात सुईसमोर शेवटचा थांबतो तेव्हा पाच वेळा टिक होतं, तेवढा वेळ दुसरं काहीच ऐकू येत नाही.